मीठ घालायचं आणि फिरवायचं

पीएचडीच्या सहा वर्षांत तू नक्की केलंस तरी काय, असं आई अजूनही विचारते, आणि माझं उत्तर ठरलेलं असतं, रक्तात मीठ घालायचं आणि फिरवायचं. ती म्हणते, एवढ्यासाठी सहा वर्षं? हो गं बाई, एवढ्यासाठीच. कारण किती मीठ घातलं, किती वेळ फिरवलं, कुठल्या रोटरमध्ये (नळ्या धरून फिरणारं ते जाड चाक) फिरवलं, यातलं एक जरी बदललं तरी नळीतून बाहेर येणारा माल बदलतो, आणि त्या मालाला आपण सगळेच बिनधास्त एलडीएल (रिपोर्टवरचं ते वाईट कोलेस्टेरॉल) म्हणून मोकळे होतो.

हे आज लिहायचं कारण म्हणजे परवा एका ज्युनियर मुलीचा फोन आला. तिच्या सरांनी सांगितलंय, पुढच्या महिन्यापर्यंत प्लाझ्मातून (रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणारं पिवळसर पाणी) एलडीएल आणि एचडीएल (ते चांगलं कोलेस्टेरॉल) वेगळं करून दे, पद्धत तुझी तू बघ. तिने चार पेपर वाचले तर चारात चार पद्धती, एकात आठवडा जातो आणि एकात तीन तासात काम होतं, मग ताई, सगळे तीन तासवालीच का नाही वापरत? प्रश्न रास्त आहे. अर्धा तास बोलूनही बरंच राहिलं, म्हणून इथे टाइप करून ठेवतेय, पुढच्या वेळी कोणी विचारलं की लिंक पाठवून मोकळी.

आधी थोडं जमिनीवरचं. चरबी पाण्यात विरघळत नाही हे भांडी घासणाऱ्या कुणालाही माहीत असतं. रक्त म्हणजे मुख्यतः पाणीच, त्यामुळे चरबीची ने-आण करायला शरीर बारीक गोळ्या बनवतं, आत कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड, बाहेरून फॉस्फोलिपिड आणि प्रोटीनचं कवच. याच त्या लायपोप्रोटीन. आत चरबी जास्त तेवढी गोळी मोठी आणि हलकी, प्रोटीन जास्त तेवढी लहान आणि जड. सगळ्यात हलके कायलोमायक्रॉन, लग्नाचं जेवण जेवून आलेल्या माणसाचं प्लाझ्मा रात्रभर फ्रीजमध्ये नुसतं उभं करून ठेवलं तरी सकाळी वर साय धरलेली दिसते, तीच ती. तिथे मशीनचं काही काम नाही.

बाकीच्यांना मात्र जोर लावावा लागतो. लॅबमध्ये काम केलेल्या माणसाला गोळ्यांच्या डेन्सिटीचे, म्हणजे घनतेचे, हे आकडे झोपेतही सांगता येतात, हलक्या गोळ्यांपासून जड गोळ्यांपर्यंत. व्हीएलडीएल १.००६ च्या खाली, आयडीएल १.००६ ते १.०१९, एलडीएल १.०१९ ते १.०६३, एचडीएल १.०६३ ते १.२१, सगळं ग्रॅम प्रति मिलिलिटर. प्लाझ्मातलं प्रोटीन बाजूला ठेवलं तर उरलेल्या खारट पाण्याची स्वतःची डेन्सिटी साधारण १.००६, म्हणून व्हीएलडीएल आपसूक वर येतं आणि एलडीएल येत नाही. पण त्याच पाण्यात मीठ घालून डेन्सिटी १.०६३ केली की एलडीएल पण वर येतं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मिठाच्या पाण्यात अंडं तरंगवलं होतं ना, तेच. फक्त इथलं अंडं एका मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढं असतं, त्यामुळे साध्या गुरुत्वाकर्षणावर सोडलं तर ते वर यायच्या ऐवजी इकडेतिकडे भरकटतच बसतं. म्हणून अल्ट्रासेंट्रिफ्यूज, प्रचंड वेगाने नळ्या फिरवणारं मशीन. जोर किती लागतो त्याचं सूत्र सोपं आहे, त्रिज्या सेंटिमीटरमध्ये गुणिले आरपीएमचा (मिनिटाला फेरे) वर्ग गुणिले ०.००००१११८. आठ सेंटिमीटर त्रिज्येवर ४०,००० आरपीएम म्हणजे पृथ्वीच्या ओढीच्या १ लाख ४३ हजार पट. आणि हे एक मिनिट नाही, रात्रभर.

ही मिठाची युक्ती सुचली कशी ते मला फार आवडतं. अल्ट्रासेंट्रिफ्यूज स्वीडनमध्ये उप्साला इथे स्वेडबर्ग यांनी १९२० च्या दशकात बनवला, त्यांना १९२६ मध्ये केमिस्ट्रीचं नोबेलही मिळालं. तिथेच पेडरसन यांना सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारं पाणी) फिरवताना आलेखात अल्ब्युमिन या रक्तातल्या मुख्य प्रोटीनच्या जवळ एक विचित्र फुगवटा दिसायचा, आज एवढा उद्या तेवढा, धड प्रोटीनसारखं वागेना, त्यांनी त्याला एक्स प्रोटीन म्हटलं. मग १९४० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात बर्कलीच्या डॉनर लॅबोरेटरीत जॉन गोफमन आणि त्यांच्या माणसांना तोच फुगवटा दिसला, आणि त्यांच्या डोक्यात आलं की ही गोष्ट खाली जायला नाखूष आहे कारण तिची डेन्सिटी आजूबाजूच्या द्रवाच्या अगदी जवळची आहे, तर मग तिला खाली ढकलण्यापेक्षा द्रवच जड करू आणि तिला वर येऊ देऊ. मीठ घातलं आणि फुगवटा सुटून स्वच्छ वर तरंगत आला. सगळं जग वस्तू तळाला बसवायला सेंट्रिफ्यूज वापरत होतं, यांनी उलटं केलं. आमच्या गावाकडच्या आजीला यात काही नवल वाटलं नसतं, रवीने घुसळल्यावर लोणी वरच येतं.

गोफमन यांचं मशीन ॲनालिटिकल होतं, म्हणजे फिरता फिरताच त्यातून प्रकाश सोडून कोण किती वेगाने वर येतंय ते बघायचं, आणि त्या वेगाला एसएफ म्हणायचं, १.०६३ च्या मिठाच्या पाण्यात २६ डिग्रीला. एलडीएल शून्य ते १२, आयडीएल १२ ते २०, व्हीएलडीएल २० ते ४००, त्यावर कायलोमायक्रॉन. १९५० मध्ये त्यांनी मांडलं की हार्टच्या आजाराचा संबंध नुसत्या कोलेस्टेरॉलपेक्षा या विशिष्ट गोळ्यांशी जास्त आहे. त्यावरून चार लॅबनी मिळून जवळपास पाच हजार पुरुषांवर तपासणी केली, १९५६ मध्ये रिपोर्ट आला, आणि त्यात निष्कर्षावरच भांडण. बर्कलीवाले एक म्हणतात, बाकीचे म्हणतात एवढं महागडं मशीन नको, साधं कोलेस्टेरॉल मोजा तेवढंच कळतं. शेवटी बाकीच्यांचं चाललं. तेव्हापासून आजपर्यंत या मशीनचं नशीब असंच, सगळ्यांना ते टाळायचंय आणि टाळायची प्रत्येक नवीन युक्ती बरोबर आहे का ते तपासायला परत त्याच्याच दारात यायचंय.

बरं, आता पद्धती.

पहिली, जिच्यावर मी जवानी घालवली ती, सिक्वेन्शियल, म्हणजे एकामागून एक. १९५५ मध्ये हॅवेल, एडर आणि ब्रॅगडन यांनी बसवून दिली आणि अजून तशीच चालू आहे. फिक्स्ड अँगल रोटर, म्हणजे नळ्या तिरक्या खोबणीत घट्ट. पहिला रन (मशीनची एक खेप) तसाच १.००६ ला, साधारण अठरा तास, वरचा पांढरट थर म्हणजे व्हीएलडीएल, तो कापून घ्यायचा. खाली उरलं त्यात केबीआर घालायचं, म्हणजे पोटॅशियम ब्रोमाइड (साधं मीठ एचडीएलला लागणारं १.२१ इतकं जड पाणी करू शकत नाही, म्हणून हे). दहा मिलिलिटर १.००६ वरून १.०६३ ला न्यायला साधारण ०.८५ ग्रॅम, आणि तिथून १.२१ ला न्यायला आणखी २.३६ ग्रॅम. हे मी आत्ता कागदावर मांडून बघितलं, पण आमच्या लॅबमध्ये काट्याच्या वर भिंतीवर चार्टच चिकटवलेला होता, पिवळा पडलेला, कोणाच्या अक्षरातला ते कोणालाच माहीत नव्हतं. मग दुसरा रन वीस-बावीस तास, एलडीएल. तिसरा १.२१ ला, चाळीस ते अठ्ठेचाळीस तास, कारण एचडीएल बारीक आणि त्यात तेवढ्या दाट पाण्यातून वर यायचं, वेळ लागणारच. मधे १.०१९ चा रन घालून आयडीएल वेगळं काढलं तर अजून एक दिवस, नाही काढलं तर ते एलडीएलमध्येच राहतं, म्हणून मी काढायचे. अल्ब्युमिन चिकटून आलं असेल तर परत तेच डेन्सिटीचं पाणी घालून धुवायचा रन. मग मीठ काढायला डायलिसिस, म्हणजे बारीक भोकांच्या पिशवीत भरून पाण्यात बुडवून ठेवायचं, कोल्ड रूममध्ये, दोन-तीनदा पाणी बदलून. सोमवारी रक्त घेतलं तर पुढच्या सोमवारी हातात काहीतरी.

तोटे सांगायला बसले तर रात्र पुरणार नाही, पण मुख्य सांगते. एक तर प्रत्येक कापणीला थोडं सांडतं, त्यामुळे शेवटी सगळ्या फ्रॅक्शनचं (वेगळ्या काढलेल्या भागांचं) कोलेस्टेरॉल बेरीज करून मूळ प्लाझ्माशी ताडून बघायचं असतं, आणि जे लोक हे करत नाहीत त्यांच्या पेपरवर मी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. दुसरं, इतका जोर आणि इतकं मीठ यात गोळीवर सैल बसलेली प्रोटीन निसटतात. एपो-ई निसटतं, एचडीएलचं एपो-ए-वन पण थोडं निसटून तळाच्या प्रोटीनमध्ये जाऊन बसतं. म्हणजे आपण ज्याला स्वच्छ एचडीएल म्हणतो ते खरं तर अंगावरचे दागिने उतरवलेलं एचडीएल. तिसरं, आठवडाभर हवेत आणि मिठात राहून एलडीएल ऑक्सिडाइझ व्हायला बघतं, म्हणून सुरुवातीपासून ईडीटीए (ऑक्सिडेशनला हातभार लावणारे धातू पकडून ठेवणारं रसायन) हवंच, आणि थंडावा हवा.

आणि लाइट. उन्हाळ्यातली एक रात्र मला आठवते, एचडीएलचा रन चालू होता, चाळीस तास होऊन गेलेले, आणि पहाटे वीज गेली. बाकी मशीनना बॅकअप होता, याला नव्हता. लोकांना वाटतं वीज गेली की थांबलं, पण आत व्हॅक्यूम असतो, हवेचा अडथळाच नाही, रोटर आपल्या धुंदीत बराच वेळ फिरत राहतो हळू हळू उतरत, आणि तेवढ्यात आतलं तापमान चढतं आणि छान धरलेले थर परत पसरायला लागतात. दार उघडता येत नाही, काही करता येत नाही. मी आणि लॅबमधले मामा त्या बंद झाकणासमोर चहा घेऊन बसलो होतो. मामा म्हणाले, मॅडम, हे प्रेशर कुकरसारखं आहे, शिट्टी झाल्याशिवाय उघडायचं नाही. तो सगळा आठवडा पाण्यात गेला.

मग सिक्वेन्शियल कशाला? कारण माल भरपूर मिळतो. एका वेळी शंभर-दीडशे मिलिलिटर प्लाझ्मा चढवता येतं आणि पेशींवर टाकायला, रेडिओ लेबल लावायला, उंदरात सोडायला भरपूर एलडीएल हातात येतं. शिवाय तिची एलडीएलची व्याख्या सरळ कागदावर लिहिता येते, १.०१९ ते १.०६३, बास.

दुसरी पद्धत ग्रेडियंट, म्हणजे वरून खाली डेन्सिटी वाढत जाणारे थर, स्विंगिंग बकेटमध्ये. हिच्यावर माझं खरं प्रेम. प्लाझ्मात एकदम केबीआर घालून ते १.२१ करायचं आणि नळीच्या तळाला ठेवायचं, त्यावर हळूच १.०६३ चं पाणी, त्यावर १.०१९, त्यावर १.००६. पाणी ओतताना हात हलला की गेलं, पिपेट नळीच्या भिंतीला टेकवून श्वास धरून सोडायचं, आजी जिलबी सोडायची तशी. १९७५ च्या रेडग्रेव्ह आणि मंडळींच्या पेपरपासून हे चांगलं रुळलं. बादल्या फिरताना आडव्या होतात, म्हणजे जोर नळीच्या लांबीच्या दिशेने लागतो, थर अगदी आडवे सरळ बसतात, आणि सगळं एकाच रनमध्ये, साधारण एका दिवसात. बाहेर काढल्यावर जे दिसतं ते पहिल्यांदा बघणाऱ्याने विसरूच नये असं, वर दुधी व्हीएलडीएल, खाली केशरी रेघ म्हणजे एलडीएल (आपण खाल्लेल्या गाजर-भोपळ्यातलं कॅरोटीन याच गोळ्यांतून फिरतं, म्हणून रंग), त्याखाली फिकट रुंद पट्टा एचडीएल आणि तळाला पिवळं प्रोटीन. नीट दिसत नसेल तर आधी सुदान ब्लॅक (चरबीला चढणारा रंग) घालायचं, मग पट्टे निळसर काळे उठून येतात.

इथेच माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला तो प्रसंग सांगते. पद्धत बसवताना लॅबमधले आम्ही सगळे एकमेकांचंच रक्त वापरायचो, सही-बिही करून. एके दिवशी सहा नळ्या बाहेर काढल्या, पाच सारख्या, आणि सहाव्या नळीत एलडीएल आणि एचडीएलच्या मधे अजून एक बारीक रेघ. मला वाटलं ओतताना माझा हात हलला. परत केलं, परत रेघ. ती नळी माझीच होती. ती रेघ म्हणजे लायपोप्रोटीन-ए, ओस्लोच्या कॉरे बर्ग यांनी १९६३ मध्ये शोधलेलं, एलडीएलसारखीच गोळी पण वरून एक जास्तीचं प्रोटीन चिकटलेलं, डेन्सिटी साधारण १.०५ ते १.१२. आता गंमत बघा. त्याच माझ्या रक्तावर मी महिनाभर आधी सिक्वेन्शियल केलं होतं आणि सगळं छान नॉर्मल आलं होतं. कारण त्यात सुरी १.०६३ वर चालते, त्यामुळे या गोळ्या अर्ध्या एलडीएलच्या बाटलीत गेल्या, अर्ध्या एचडीएलच्या बाटलीत, आणि दोन्हीकडे गुपचूप बसून राहिल्या. सुरीला रेघ दिसत नाही, ती फक्त ठरलेल्या जागी कापते. ग्रेडियंटमध्ये कापायच्या आधी बघता येतं.

नंतर बाहेर रक्त देऊन लायपोप्रोटीन-ए मोजून घेतलं, जास्तच निघालं. हे जास्त असलं की हार्टचा धोका वाढतो, आणि ते बहुतेक सगळं जीन्सवर ठरतं, साजूक तूप सोडलं तरी फारसं हलत नाही. बाबांची अँजिओप्लास्टी पन्नाशीच्या आतच झाली होती आणि घरात वर्षानुवर्षं त्याचं खापर त्यांच्या वडापाववर फुटत होतं. त्यांना फोन करून सांगितलं. म्हणाले, आईला सांग आधी.

असो. स्विंगिंग बकेटचे दोष पण आहेत, नळ्या फक्त सहा, एकेकीत प्लाझ्मा दोन-तीन मिलिलिटर, आणि वेळ. वेळ का लागतो ते रोटरच्या के फॅक्टरवरून कळतं, हा आकडा जेवढा लहान तेवढं काम लवकर. आमच्याकडची सहा बकेटवाली एसडब्ल्यू ४१, तिचा के १२४. कारण नळी लांब आणि गोळीला ती सगळी लांबी चालून जायची असते. मग कुणाला तरी सुचणारच की नळी उभीच ठेवली तर? तीच तिसरी पद्धत, व्हर्टिकल रोटर. नळी अक्षाला समांतर उभी, म्हणजे फिरायला लागल्यावर गोळीला नळीची लांबी नाही, फक्त रुंदी पार करायची. अशा छोट्या रोटरचा के पंधरा-सोळाच्या आसपास येतो, म्हणजे एसडब्ल्यू ४१ च्या आठव्या हिश्श्यात काम. फिरताना थर आडव्याचे उभे होतात आणि थांबताना उभ्याचे परत आडवे. वाचायला भीती वाटते पण सुरुवात आणि शेवट हळू ठेवला तर खरंच होतं. हळू म्हणजे खरोखर हळू, ब्रेक मारायचा नाही. १९८० मध्ये बर्मिंगहॅमच्या अलाबामा विद्यापीठातल्या चुंग वगैरे मंडळींनी हे लायपोप्रोटीनसाठी बसवलं, पुढे त्यातूनच व्हीएपी नावाची टेस्ट निघाली, ज्यात नळी तळाला भोक पाडून रिकामी करत जायची आणि वाहता वाहताच कोलेस्टेरॉल मोजायचं, कागदावर डोंगर उमटतात, एक एचडीएलचा, एक एलडीएलचा आणि मधे असेल तर लायपोप्रोटीन-एचा. हजारो रुग्णांच्या तपासणीला हीच पद्धत परवडते. पण पट्टे हाताने काढून घ्यायचे असतील तर मला ती आवडत नाही, थर वळताना कडा पुसट होतात आणि भिंतीला चिकटलेलं प्रोटीन परत सगळ्यात मिसळतं. हे माझं मत आहे, ज्यांचा हात बसलाय ते भांडतील.

चौथी, तीन तासवाली, जिच्यासाठी फोन आला होता. इथे मीठच नाही, आयोडिक्सॅनॉल. हा मूळचा एक्स-रेमध्ये शिरा दिसाव्यात म्हणून टोचायचा पदार्थ, अँजिओग्राफीत वापरतात. चार भाग प्लाझ्मात एक भाग ६० टक्क्यांचं द्रावण मिसळायचं, म्हणजे १२ टक्के होतं, वर थोडं साधं सलाइन, आणि व्हर्टिकल किंवा जवळपास उभ्या रोटरमध्ये साडेतीन लाख जीला (म्हणजे पृथ्वीच्या ओढीच्या तेवढ्या पट) तीन तास. ग्रेडियंट आपला आपण तयार होतो, ओतायची कसरत नाही. मीठ नाही म्हणून गोळ्यांची प्रोटीन बरीचशी जागेवर राहतात, आणि पुढच्या बऱ्याच टेस्टसाठी डायलिसिसची कटकटही नाही. ऐकायला स्वर्ग. पण एक मेख आहे जी पेपरमध्ये एका ओळीत उरकलेली असते. केबीआर गोळीभोवतीचं पाणी ओढून घेतं, आयोडिक्सॅनॉल ओढत नाही, त्यामुळे तीच गोळी इथे जास्त हलकी वागते आणि तिचा पट्टा कमी डेन्सिटीला बसतो. म्हणजे आयोडिक्सॅनॉलच्या नळीत १.०१९ आणि १.०६३ वर जाऊन कापलंस तर तू एलडीएल कापलंच नाहीस, भलतंच काहीतरी कापलंस. जुने आकडे मिठाच्या पाण्याचे आकडे आहेत, ते गोळीच्या अंगावर छापलेले नाहीत. शिवाय हे द्रावण महाग, आणि एका नळीत मावतं ते थोडंसं.

छोटी टेबलावरची मशीन पण असतात, एक लाख आरपीएमवाली, अर्धा मिलिलिटर प्लाझ्मावर सिक्वेन्शियलच पटापट करता येतं. लहान मुलांचं किंवा उंदराचं रक्त असेल तर तीच बरी. त्यावर मी फार काम केलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचं, आमचा लिपिड प्रोफाईल तर कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये स्वस्तात होतो. होतो ना. पण त्या कागदावरचा एलडीएल बरेचदा मोजलेला नसतोच, काढलेला असतो. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करायचा. समजा एकूण २१०, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड ३००, तर २१० वजा ४० वजा ६०, एलडीएल ११०. हे फ्रीडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेड्रिक्सन यांचं १९७२ चं सूत्र, आणि त्या पेपरच्या नावातच लिहिलंय की प्रिपरेटिव्ह (माल वेगळा काढून देणारं) अल्ट्रासेंट्रिफ्यूज न वापरता. पण तो पाच आला कुठून? ४४८ लोकांच्या अल्ट्रासेंट्रिफ्यूजच्या आकड्यांतून. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की तो पाच पाच राहत नाही आणि सूत्र वापरायचं नाही, आणि आपल्याकडे ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी असणारे घरोघरी, त्यामुळे हे आपल्यालाच जास्त लागू. २०१३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी एका पाचाऐवजी १८० खान्यांचा तक्ताच दिला, माणसाप्रमाणे भागाकार बदलणारा, आणि तो बनवला साडेतेरा लाख लोकांच्या व्हीएपीच्या आकड्यांवरून, म्हणजे परत उभ्या रोटरवरूनच.

आणि अजून एक जे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. ज्या संदर्भ पद्धतीवर ही सूत्रं ताडून बघतात, बीटा क्वांटिफिकेशन, त्यात फक्त एक रन असतो, १.००६ चा. वरचं काढून टाकायचं, खालच्या सगळ्याचं कोलेस्टेरॉल मोजायचं, त्यातून एचडीएलचं वजा करायचं, उरलं ते एलडीएल. म्हणजे त्यात आयडीएल पण आलं आणि लायपोप्रोटीन-ए पण आलं. माझ्या बाटलीवर मी एलडीएल लिहायचे तेव्हा ते १.०१९ पासून पुढचं असायचं, आणि माझ्या स्वतःच्या लिपिड रिपोर्टवर एलडीएल लिहिलेलं असतं ते १.००६ पासूनचं, आत माझी ती बारीक रेघसुद्धा धरून. एकच नाव, दोन वेगळे कापे. तरी आम्ही कॉन्फरन्समध्ये एकमेकांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून भांडायचो.

तर ज्युनियर बाई, तुझं उत्तर. तुला पेशींवर टाकायला भरपूर एलडीएल हवंय तर मुकाट्याने सिक्वेन्शियल कर, आठवडा दे. पेशंट आणि नॉर्मल यांच्यात फरक कुठे आहे ते शोधायचं असेल तर ग्रेडियंट, स्विंगिंग बकेट, आणि कापायच्या आधी प्रत्येक नळीचा फोटो काढ. एचडीएलवर कुठली कुठली प्रोटीन बसलीत ते बघायचं असेल तर आयोडिक्सॅनॉल, पण आधी दोन-तीन नॉर्मल प्लाझ्मावर थेंबाथेंबाची फ्रॅक्शन काढून तुझ्या रोटरमध्ये कोण कुठे बसतं ते स्वतः आखून घे, दुसऱ्याचे आकडे उचलू नकोस. आणि पेपर लिहिताना रोटरचं नाव, तापमान, तास, ब्रेक होता की नव्हता, सगळं लिही. "अल्ट्रासेंट्रिफ्यूजने वेगळं केलं" एवढंच लिहिणाऱ्याला मी रिव्ह्यूला आले तर सोडत नाही.

नळ्या समोरासमोर तोलून ठेव, आमच्याकडे ०.१ ग्रॅमच्या वर फरक चालायचा नाही, आणि नुसतं वजन नाही, डेन्सिटी पण सारखी हवी, एका बाजूला केबीआर आणि समोर साधं पाणी असलं धाडस करू नकोस. १९९८ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात दुधाचे सॅम्पल फिरवताना ॲल्युमिनियमचा जुना रोटर फुटला होता, मशीनचं पोलादी दार वाकवून तुकडे बाहेर आले, सुदैवाने कोणाला लागलं नाही. त्याचे फोटो आमच्या मशीनच्या वर लावलेले असायचे, देवाच्या तसबिरीसारखे.

आणि रन झाला की लगेच रोटर धू, उद्या नाही. मीठ ॲल्युमिनियमला खातं, टायटॅनियमला तेवढं नाही, पण मामा दोन्ही तपासायचे, खोबणीत नख फिरवून बघायचे पांढरं लागतंय का. लागलं तर काही बोलायचे नाहीत, रोटर परत तुमच्या टेबलावर आणून ठेवायचे. कोमट पाणी, साधा साबण, मऊ ब्रश, आणि वाळताना उलटा ठेव.